आधी तापमान, मग पाककृती

घरी बियर करायची असे एकदा ठरले की माणूस सगळ्यात आधी पाककृती शोधू लागतो. कोणते माल्ट, कोणते हॉप्स, कडवटपणा किती, रंग सोनेरी की काळपट, या चर्चेत त्याचे दिवस मजेत जातात. मग मोठे पातेले आणि चकचकीत स्टीलची टाकी घरात येते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. नवख्याने पैसा आणि लक्ष आधी भांड्यांच्या स्वच्छतेवर आणि किण्वनाच्या तापमानावर खर्च करावे. पाककृतीचा नंबर तिसरा लागला तरी काही बिघडत नाही. एक खुलासा आधीच करायला हवा. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय बियर तयार करणे हा गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती का असेना. ब्रिटनमध्ये घरच्या वापरासाठी बियर करायला १९६३पासून परवाना लागत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८मध्ये सही केलेल्या कायद्यामुळे एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बियर कर न भरता करता येते, मात्र ती विकता येत नाही. त्यामुळे लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांनी पुढे सांगितलेले करून पाहावे, इथल्यांनी जाणून घ्यावे.

माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा आधार बियरच्या इतिहासाचाच आहे. बव्हेरियात १५१६मध्ये झालेला कायदा जगप्रसिद्ध आहे. बियरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचे नाही, असे त्याने ठरवून दिले. म्हणजे पाककृती सरकारनेच पक्की केली. तरीही ३७ वर्षांनी, १५५३मध्ये, तिथल्या राज्यकर्त्यांना आणखी एक हुकूम काढावा लागला. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बियर करायची नाही, कारण उन्हाळ्यातली बियर नासत असे. घटक तेच आणि हात तेच असूनही केवळ हवा तापली की बियर बिघडत होती. ही मनाई १८५०पर्यंत टिकली. तिच्यामागचे मूळ दुखणे बरे झाले ते कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रे १८७०च्या दशकात म्युनिकच्या बियर कारखान्यात आली तेव्हा. लुई पाश्चर यांनी १८७६मध्ये बियर नासण्यामागचे सूक्ष्मजीव दाखवून दिले आणि १८८३मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सन यांनी शुद्ध यीस्ट वेगळे वाढवले. आजची भरवशाची बियर या तीन पावलांवर उभी आहे, आणि त्यांतले एकही पाऊल पाककृतीचे नव्हते.

असे का होते, हे यीस्टकडे पाहिले की कळते. माणूस फक्त गोड काढा तयार करतो. त्यातली साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करण्याचे काम यीस्टचे. उन्हाळ्यात विरजण तासाभरानेही जास्त राहिले तर दही आंबते, तसाच यीस्टचाही हवामानाशी थेट संबंध असतो. नवख्यांसाठी सोयीच्या एल प्रकारच्या बहुतेक यीस्टना १८ ते २२ अंश सेल्सियस मानवते. त्यापेक्षा बरेच वर गेले की जड अल्कोहोले तयार होतात, घशाला झोंबणारी चव येते, कधी पिकल्या केळ्यासारखा वासही येतो. शिवाय किण्वनातून उष्णता बाहेर पडते, त्यामुळे खोलीचे तापमान २२ असले तरी बादलीतले द्रव त्याहून काही अंशांनी गरम असते. यावर महागडा फ्रीज हवाच असे नाही. बादली पाण्याच्या टबात ठेवायची, तिच्यावर ओले फडके गुंडाळायचे आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टबात बदलत राहायच्या. पहिले तीन-चार दिवस एवढे सांभाळले की निम्मी लढाई जिंकली.

स्वच्छतेच्या बाबतीत नेमके कुठे राबायचे, हे कळले की कष्ट वाचतात. काढा तासभर उकळतो, तेव्हा त्यातले जंतू मरतातच. उकळण्याच्या पातेल्याचा बाऊ करायचे कारण नाही. धोका सुरू होतो तो काढा थंड झाल्यावर. त्यानंतर त्याला लागणारी बादली, झाकण, एअरलॉक, नळी, चमचा, बाटल्या हे सगळे आधी घासून स्वच्छ आणि मग निर्जंतुक हवे. त्यासाठी धुवून काढावे न लागणारे आम्लयुक्त द्रावण मिळते. ब्लीच मात्र टाळलेले बरे, कारण क्लोरीनचा अंश उरला तर बियरला औषधी वास येतो.

यावर पहिला आक्षेप असा की थर्मामीटर निघण्याआधीही खेड्यापाड्यांत लोक बियर करतच होते. नॉर्वेतले शेतकरी तर क्वाइक नावाचे यीस्ट ३० ते ४० अंशांवर घालतात आणि उत्तम बियर काढतात. गोष्ट खरी आहे. पण ते यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपलेले, उष्णतेलाच सरावलेले आहे. यातून तापमान बिनमहत्त्वाचे ठरत नाही, यीस्ट आणि तापमान यांची जोडी जुळावी लागते एवढेच सिद्ध होते. ज्याचे घर खरोखरच गार ठेवता येत नाही, त्याने क्वाइकच वापरावे.

दुसरा आक्षेप हौशी मंडळींचा असतो. तयार माल्ट अर्क वापरला तर त्यात आपले कर्तृत्व काय? पण धान्य भिजवून साखर काढण्याची पायरी सुरुवातीला वगळली तर चुकांची एक मोठी जागा कमी होते. २० लिटरला सुमारे अडीच किलो कोरडा अर्क, थोडे हॉप्स आणि ११ ग्रॅम कोरडे यीस्ट एवढ्यावर नीट बियर होते. हायड्रोमीटरवर दिसणारी घनता १.०४८वरून १.०१०वर आली म्हणजे अल्कोहोल सुमारे पाच टक्के झाले. आकडा सलग तीन दिवस हलला नाही तरच बाटल्या भराव्यात आणि २० लिटरला साधारण १२० ग्रॅम साखर घालावी. किण्वन अर्धवट असताना भरलेली बाटली फुटू शकते, आणि घरगुती बियरचा खरा धोका हाच आहे. मिथेनॉलची भीती मात्र या ठिकाणी अस्थानी आहे. माल्टच्या किण्वनात ते नगण्य तयार होते. धोका असतो तो दारू गाळण्यात आणि भेसळीत, आणि घरी दारू गाळायला अमेरिकेतला १९७८चा तो कायदाही परवानगी देत नाही.

तेव्हा सुरुवात करणाऱ्याने स्टीलची टाकी पुढच्या वर्षावर ढकलावी. पहिल्या खेपेला एक थर्मामीटर, एक हायड्रोमीटर, झाकणाची बादली आणि निर्जंतुकाची बाटली घ्यावी, आणि एकच साधी पाककृती तीनदा करावी. तिन्ही वेळा चव सारखी आली तरच चौथ्या वेळी नवे हॉप्स विकत घ्यावेत.