सीटखालचा खर्ज



घरात गाडी आली की मुलाची पहिली मागणी असते सबवूफरची. आई म्हणते, हप्ते फेडायचे की बाजा वाजवायचा? दोघांचेही खरे आहे. दिवसाचे बारा तास टॅक्सी चालवणाऱ्याला गाण्याचीच सोबत असते, ती चांगली असावी. पण दुकानदाराच्या नादाने गाडीची वायर जाळून घ्यायची नाही.

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. दारातले लहान स्पीकर ८० हर्ट्झच्या खाली दमतात. गायकाचा गळा, पेटी, टाळ्या ऐकू येतात, पण ढोलकीची डावी बाजू घुमत नाही. तो राहिलेला खर्ज भरून काढणे एवढेच सबवूफरचे काम. अख्खी गल्ली हादरवणे हे त्याचे काम नव्हे.

डिकीत बसणारी मोठी पेटी आपल्यापैकी पुष्कळांच्या उपयोगाची नाही, कारण डिकीत सीएनजीचे सिलिंडर असते आणि उरलेल्या जागेत प्रवाशाची बॅग ठेवायची असते. त्यांच्यासाठी सीटखाली बसणारा चपटा सबवूफर बरा. त्याचा ॲम्प्लिफायर आतच असतो. खर्जाचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट उमगत नाही, म्हणून तो सीटखालून आला तरी गाण्यात मिसळून जातो. बारा इंची पेटीइतका तो खोल जाणार नाही, हे मात्र आधीच मान्य करून घ्यावे.

खोक्यावर मोठ्या अक्षरात १६० वॅट लिहिलेले असते ते क्षणभराचे. बारीक अक्षरात 'आरएमएस' म्हणून ५० किंवा ७५ लिहिलेले असेल, तो खरा आकडा. दुकानात जाण्यापूर्वी सीट पुढे-मागे सरकवून खालच्या जागेची लांबी, रुंदी आणि उंची पट्टीने मोजून कागदावर लिहा. मागच्या प्रवाशांना एसीची हवा देणारी नळी काही गाड्यांत तिथूनच जाते, तेही पाहा. दारातले स्पीकर फाटलेले असतील तर आधी ते बदला. फाटक्या स्पीकरला सबवूफर जोडून आवाज सुधारत नाही.

आता फिटिंग. पैसे वाचवायचे तर पेटीत वाचवा, इथे नको. लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याचे दुकान, कारागिरापाशी उभे राहा. करंटची वायर थेट बॅटरीपासून यावी आणि बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरावरच तिला फ्यूज असावा. "पेटीला फ्यूज आहे की," असे कारागीर म्हणेल. तो फ्यूज पेटी वाचवतो, वायर वाचवत नाही. इंजिन आणि आपण यांच्यामधल्या पत्र्यातून वायर आत येते, त्या भोकाला रबरी बूच नसेल तर गाडीच्या थरथरीने आवरण घासते. उघडी तार पत्र्याला लागली आणि वाटेत फ्यूज नसला, तर तार लालभडक होते. वर सीटचा फोम असतो. तो पेट घ्यायला वेळ लागत नाही. वायर तांब्याचीच घ्या. चाकूने खरवडल्यावर आत पांढरी निघाली तर ती मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची.

दुसरी गोष्ट स्क्रूची. पेटी हलू नये म्हणून काही जण सरळ गाडीच्या तळात स्क्रू मारतात. त्याच तळाखालून सीएनजीची पोलादी नळी इंजिनकडे जाते, आणि भरलेल्या सिलिंडरचा दाब २०० बार असतो. पेट्रोलची नळीही तिकडेच. तळाला ड्रिल लावूच देऊ नका. पेटी सीटच्या चौकटीला पट्टीने बांधता येते. सीटखाली पिवळी वायर दिसली तर ती बहुधा एअरबॅगची, तिला हात लावायचा नाही. कंपनीची वायर कापून जोड दिला की वॉरंटीच्या वेळी तंटा होतो, म्हणून गाडीच्या मॉडेलला बसणारा तयार कपलर मागावा. करंटची वायर एका बाजूने आणि आवाजाची दुसऱ्या बाजूने न्यावी, नाहीतर इंजिनाबरोबर चढणारी शिटी गाण्यात ऐकू येते.

जोडणी झाल्यावर 'लो पास' ८० च्या आसपास ठेवा. 'गेन' शून्यावरून हळूहळू वाढवा आणि पेटी वेगळी ऐकू येऊ लागली की थोडा मागे घ्या. उलट-सुलट करण्याचे 'फेज'चे बटण असते. दोन्हीकडे करून पाहा आणि ज्या बाजूला ढोलकी भरीव लागेल तिथे सोडा. रात्री वस्तीत शिरताना मात्र आवाज कमी करा. खर्ज भिंतीतून आरपार जातो, शेजारचे बाळ उठते.

पहिल्या दिवशी अर्धा तास गाणी वाजवून गाडी थांबवा आणि बॅटरीजवळच्या फ्यूजच्या डबीला हात लावून पाहा. गरम लागली तर त्याच पावली दुकानात परत.