अर्जातील आदर

शाळेच्या वसतिगृहात असताना रजेचा, दाखल्याचा वा शिष्यवृत्तीचा इंग्रजी अर्ज आम्ही एकाच साच्यात लिहीत असू: ‘विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू स्टेट...’ साचा पाठ होता. अर्थ विचारण्याचे आम्हांस कधी सुचले नाही.

‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत बहुधा मतभेद नोंदवण्यापूर्वी येतो. ‘आपला मान राखून सांगतो, आपले म्हणणे मला पटत नाही,’ असा त्याचा रोख असतो. तापामुळे दोन दिवसांची रजा मागताना मतभेद कसला? ‘बेग’ हा तर जुन्या दफ्तरी इंग्रजीचा अवशेष. ‘बेग लीव्ह’ म्हणजे बोलण्याची परवानगी मागणे. त्यातील ‘लीव्ह’ गळाले आणि आपल्या कानी उरला तो केवळ याचनेचा सूर.

शिष्यवृत्ती ही भीक नव्हे. आपल्या जयसिंगपूरपासून जवळच असलेल्या माणगावात १९२० साली परिषद भरली. डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते, राजर्षी शाहू महाराज तेथे जातीने उपस्थित होते. त्या परिसरातील मुलांनी हक्काचा अर्ज याचकाच्या भाषेत का लिहावा?

आमच्या मते ‘आय रिक्वेस्ट’ एवढे पुरे. आदर ‘सर’ वा ‘मॅडम’ या संबोधनात येतोच. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ मात्र जपून ठेवावे. वरिष्ठांचा एखादा निर्णय अन्यायाचा वाटेल, त्या दिवशी ते निर्भयपणे, आणि अचूक अर्थाने, लिहावे.