बांधावरून : हापसा बसला, पुढं काय?

मंडळी, परवा वेशीतून येताना पाहिलं, तर हापशाच्या दांड्याला कुणीतरी शेळी बांधली होती. शेळीचं काही चुकलं नाही आणि बांधणाऱ्याचंही नाही. हापसा बंद पडून चार वर्षं झाली, मग खुंटा म्हणून तरी उपयोगी पडावा! पण ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला आहे त्यांच्या पोटात अशा वेळी काहीतरी हलतं. म्हणून आज या हापशाचीच गोष्ट सांगतो. तुमच्याही वेशीत असाच एखादा उभा असेल.

१९७० पासूनच पाऊस ओढ देत होता. १९७२ साली तर त्यानं पाठच फिरवली. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. आई आणि मी खडी फोडायला जात होतो. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. सुकडी मिळायची, तांबडी मिलो मिळायची. पोटाची सोय कशीबशी लागली. पण धान्य पोत्यात भरून गावोगाव नेता येतं, पाणी तसं किती दिवस नेणार? आमचा आड आटला, मग मळ्यातली विहीर आटली. आई पहाटे तीनला उठून वाटीवाटीनं झरा उपसत बसायची. कळशी भरायला तास लागायचा.

आपलं पठार म्हणजे थरावर थर काळा पाषाण. वरचं पाणी आटलं, तरी खालच्या भेगांत थोडं असतं. पण तिथवर जायचं कसं? पहार आणि सुरुंगानं विहीर खोल करायला महिने लागतात, आणि तहान काही महिने थांबत नाही.

इथं मिशनची गोष्ट येते. जालन्याला स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन होतं, त्यांचा दवाखाना होता. हवेच्या दाबावर चालणारं, पाषाण फोडत खाली जाणारं बोअरचं मशीन आपल्याकडं ज्यांनी आधी वापरून पाहिलं, त्यांच्यात ही जालन्याची मंडळी होती. हे १९६० नंतरच्या दशकातलं. त्याच दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा १९६६ साली प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक संस्थांनी एकत्र येऊन ‘अ‍ॅक्शन फॉर फूड प्रॉडक्शन’ ही संस्था काढली. नुसतं धान्य वाटून भागणार नाही, शेतकऱ्याच्या पाण्याचं पाहिलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणजे बहात्तर साल उजाडलं तेव्हा दगडातून पाणी काढायची विद्या मराठवाड्यात आलेली होती.

आमच्या गावात मशीन आलं तेव्हा सारा गाव जमला. धुरळा असा उडाला की माणसाला माणूस दिसेना. दुसऱ्या दिवशी त्या राखेसारख्या धुळीचा चिखल झाला आणि मग पाणी उसळलं. आई पुढं झाली आणि तिनं तो चिखल कपाळाला लावला.

आता एक गोष्ट झाकून ठेवत नाही. मशीन यायच्या आधी पारावर चर्चा झाली होती. एक म्हातारबा म्हणाले, "आज पाणी देतील, उद्या धर्म मागतील." ही शंका काही हवेतून आली नव्हती. १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत मिशनांनी हजारो पोरकी लेकरं सांभाळली, त्यांतली पुष्कळ पुढं ख्रिस्ती झाली, आणि त्यावरून वादही पुष्कळ झाले. जुन्या माणसांच्या कानावर ते होतं. पण आमच्या गावात कुणी कुणाचा धर्म विचारला नाही. खरं सांगायचं तर पाण्यावर जात विचारायची रीत आमचीच होती. आडावर दलित वस्तीतल्या बायकांना पोहरा टाकू देत नसत. त्या खाली उभ्या राहायच्या, वरची कुणी वाढील तेवढं न्यायच्या. ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत डॉ. बाबा आढाव गावोगाव फिरले ते याच सुमाराला. बोअर कुठं घ्यायचं यावरूनही आमच्यात दोन तट पडले. शेवटी गाव आणि वस्ती यांच्या मधे, वेशीत घेतलं. पहिले आठ दिवस दोन रांगा लागल्या. मग ऊन वाढलं, घागरी वाढल्या आणि दोनाची एक रांग झाली. ती मनानं झाली की तहानेनं झाली, हे मला आजही सांगता येत नाही. पण झाली.

आणि मग चार महिन्यांत हापसा मोडला!

हे फक्त आमच्याकडंच झालं असं नाही. त्या काळचे बिडाचे हापसे विलायती नमुन्यावरून घेतलेले होते. तिकडं एका घराच्या अंगणात, दिवसातून चार बादल्या काढायला बनवलेली ती वस्तू. आपल्याकडं तिच्यावर सगळा गाव दिवसरात्र लोंबकळणार! दांड्याची खीळ झिजायची, बोल्ट ढिले व्हायचे, खाली नळीतलं चामड्याचं वायसर जायचं. बूड हललं की सांडपाणी परत बोअरमध्ये. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यावर युनिसेफनं पाहणी केली, तेव्हा बसवलेल्या हापशांपैकी बहुतेक बंद सापडले. जमिनीत पाणी होतं, बोअर होतं, पैसा खर्च झाला होता. नव्हतं ते फक्त वर येणारं पाणी.

मदत करणाऱ्यांची खरी परीक्षा इथं झाली. बोअर पाडून, फोटो काढून निघून जाता आलं असतं. पण मिशनची काही माणसं मोडलेल्या हापशापाशी परत आली, आणि ‘हा का मोडतो’ म्हणून विचार करत बसली. जालन्यात नवा नमुना झाला, सोलापुरातही झाला. सोलापूरचा नमुना मिशनच्या मदतीनं चालणाऱ्या ‘सोलापूर वेल सर्व्हिस’मधला. त्याचं श्रेय काही नोंदी एका स्वीडिश इंजिनिअरला देतात, तर काही आपल्याच एका स्वतःच्या हिकमतीनं शिकलेल्या मिस्त्रीला. बिडाऐवजी पोलाद घेतलं, चार खिळ्यांऐवजी दांड्याला एकच आस दिला, त्यात बंद बेअरिंग बसवले आणि दांडा साखळीनं जोडला. बूड बोअरच्या नळीवर घट्ट बसवलं, म्हणजे घाण आत जाणार नाही.

त्याच नमुन्यावरून पुढं युनिसेफ आणि सरकारी कारखान्यानं मिळून ‘इंडिया मार्क दोन’ हापसा घडवला. कोइमतूरच्या बाजूला तो गावांत बसवून पारखला आणि १९७० चं दशक संपता संपता त्याचं उत्पादन सुरू झालं. त्याचं पेटंट कुणी धरून ठेवलं नाही, म्हणून कुठल्याही कारखान्याला तो करता आला. देशात असे लाखो हापसे बसले, आफ्रिकेतल्या खेड्यांतही गेले. आपल्या दुष्काळात, आपल्या जालना-सोलापुरात जे सुचलं, ते परमुलखातल्या बायकांच्या घागरी भरायला लागलं.

पण मंडळी, मार्क दोनही लोखंडाचाच. तो मोडला की सगळे पाइप वर ओढायला गाडी लागायची, चार-पाच गडी लागायचे. म्हणून पुढं मार्क तीन निघाला. त्यात पाइप न काढता आतला दट्ट्या वर घेता येतो, म्हणजे गावातल्याच शिकलेल्या माणसाला दुरुस्ती जमावी. तामिळनाडूत तर आधीच गावात एक राखणदार, तालुक्याला एक मिस्त्री आणि जिल्ह्याला एक गाडी अशी साखळी बांधली होती. धडा एकच. दिलेली वस्तू घेणाऱ्याला सांभाळता आली पाहिजे, नाहीतर ती मदत पुरी झाली नाही.

आणि आता आमच्या वेशीतला हापसा. तो कशानं बंद पडला? बेअरिंग गेलं नव्हतं, साखळी तुटली नव्हती. त्याच्या भोवतीनं आम्हीच पाचशे-सातशे फुटांची बोअरं घेतली, त्यांत मोटारी सोडल्या आणि उसाला पाणी दिलं. दीडशे फुटांवरचं हापशाचं पाणी खाली गेलं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेऊ नये, असा कायदा १९९३ सालीच झाला होता. आमच्यात तो कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. मलाही ठाऊक होता. माझं बोअर हापशापासून दोनशे पावलांवर आहे.

परक्या मुलखातली माणसं आली, त्यांनी दगड फोडून पाणी दिलं, मोडलेलं परत घडवून दिलं. दुष्काळानं जे नेलं नाही ते आम्ही सुकाळात उपसलं.

शेळी मी सोडली नाही. पण येत्या ग्रामसभेत दोन गोष्टी मांडणार आहे. ओढ्याचे दोन बांध फुटले आहेत ते उन्हाळ्याच्या आत बांधायचे, आणि वेशीच्या आसपासची बोअरं माघ सरला की बंद ठेवायची. पहिलं बंद माझं. तुमच्या गावचा हापसा चालू असेल तर आज जाऊन त्याचे बोल्ट तेवढे पाहा, ओट्याचं पाणी वाहून शोषखड्ड्यात जातं का ते पाहा. आणि बंद असेल, तर तो कशानं बंद पडला हे आधी स्वतःला विचारा, मग कचेरीला.