पाणी जमिनीखालचं, हक्क सातबाऱ्याचा



महाडचं चवदार तळं नगरपालिकेचं होतं, सार्वजनिक होतं. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तिथं नागरिक म्हणून हक्क सांगता आला, आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानेही स्पृश्यांची तथाकथित रूढी ग्राह्य धरली नाही. आज बहुतेक गावांचं पाणी तळ्यात नाही, बोअरमध्ये आहे. आणि बोअर कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. मग आपण ओंजळ कुठे बुडवायची?

इंग्रजांच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचं पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला दिला. खाली बेसॉल्टच्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याला गट नंबर कळत नाही, पण कायद्याला कळतो. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्याचा त्या पाण्यावर हक्कच नाही. आपल्यातले बहुसंख्य भूमिहीन का राहिले, हे दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांचा इतिहास वाचलेल्यांना मी काय सांगावं?

आता 'लोकसहभागातून भूजल व्यवस्थापन' हा शब्द जोरात आहे. पाणलोटाचे चर खोदायला कोण जातं? रोजगार हमीच्या मजुरीवर, टिकाव-फावडं घेऊन आपलीच माणसं. पाऊस अडतो गायरानात, डोंगरउतारावर. पाणी चढतं खालच्या बागायतदाराच्या विहिरीला. मजुरी एकदाच मिळते, पाणी दरवर्षी त्याचं. पुण्याच्या कडेला तर ते टँकरमध्ये भरून सोसायट्यांना विकलं जातं. शहर वाढतं, विहीरमालकाचा धंदा वाढतो, आणि वस्तीवरच्या बाया हातपंपावर हापसत बसतात. याला सहभाग म्हणायचं की वेठबिगार?

गावाच्या पाण्याच्या ताळेबंदात भूमिहीन माणूस दिसतो तो फक्त पिण्याच्या पाण्याच्या रकान्यात. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे २० हजार लिटर. एक एकर उसाला साधारण ८० लाख लिटर लागतं. त्यातलं काही पावसाचं, मान्य. तरी तो आकडा ४०० माणसांच्या वर्षभराच्या पाण्याएवढा आहे.

"पाणी जमिनीपासून वेगळं कसं करणार?" असं विचारणाऱ्यांना पुरंदर तालुक्यातलं नायगाव दाखवा. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७० च्या दशकातच ठरवलं होतं, की पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटायचं, ऊस घ्यायचा नाही आणि भूमिहीनालाही वाटा द्यायचा. ती काही आंबेडकरी चळवळ नव्हती. पण हे तत्त्व आपलं आहे, आणि आपण ते मागितलंच नाही, याचं मला नवल वाटतं. आपली आंदोलनं स्मारकाच्या जागेसाठी होतात, पाणी समितीतल्या जागेसाठी नाही.

महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा निदान मालकाच्या मनमानीला वेसण घालण्याची भाषा करतो. विहिरींची नोंदणी, पाणलोट समित्या, अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी, हे सगळं त्यात आहे. अंमलबजावणी मागणारं कुणी नाही, कारण ग्रामसभेत बोलणारे बहुतेक बोअरवालेच आहेत.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेआधी माहिती अधिकारात एवढंच विचारा: गावात नोंदलेल्या विहिरी आणि बोअर किती, त्यांची खोली किती, आणि पाणी समितीत भूमिहीन किती? उत्तर आलं की ते ग्रामसभेत उभं राहून मोठ्याने वाचा, आणि समितीत भूमिहीनांच्या जागांचा ठराव तिथेच मांडा.