पल्सॅटिलाचा हट्ट

बेगम बाजारातील जुन्या मराठी घरांना 'पल्सॅटिला' हे नाव नवे नाही. होमिओपॅथीच्या पेटीतील गोड गोळ्यांनी ते केव्हाच घरोघर पोचविले आहे. त्याचे फूल कुंडीत फुलवावे, अशी हौस हल्ली काहींस सुटली आहे. हौसेला मोल नसते, हे मान्य. पण आपल्या गच्चीवर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हे झाड युरोपातील चुनखडीच्या माळांवरचे. त्याला कडक हिवाळा हवा. मूळ खोल जाते, त्यामुळे उपटून लावलेलेही सोसत नाही.

पाकिटावरील चित्राला भुलू नये. सहा जांभळी दले, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका, अंगभर रेशमी लव, आणि दले गळाल्यावर बीजांना पिसांसारख्या शेपट्या, ही त्याची ओळख.

तशीच पिसे पाहावयाची तर सह्याद्रीतील रानजाई पाहावी. नाव जाईचे, कूळ मात्र पल्सॅटिलाचे! जाईच्या फुलाला नळी असते व केसर दोनच. हिला नळी नाही, चार पांढरी दले आणि केसरांची दाटी. माझे वडील दरबारी गवई. राग नावावरून नव्हे, चलनावरून ओळखावा, असे ते शिष्यांना बजावीत. माळ्यांनाही कुणी हे सांगावे.

माझ्या मते गच्चीवर हीच लावावी. पानांचे देठच आधाराला विळखा घालतात, काठी पुरते. रस दाहक असतो, तेव्हा मुलांना जपावे. आणि रानातली वेल उपटून आणू नये, बी आणावे.