करंटच्या शेकानंतर काय?

दसरा-दिवाळी सरली की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात. दिवसभर वाकून कोयता चालवायचा आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे म्हटल्यावर कंबर धरणारच. मग एखादे इंजेक्शन, नाहीतर दुकानातून चिठ्ठीविना आणलेली गोळी. वेदनाशामक गोळ्या सतत घेतल्या की जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सिकलसेल हा आजार मुळातच मूत्रपिंड पोखरतो आणि नंदुरबारच्या आदिवासी वस्त्यांत त्याचे रुग्ण आहेत. त्यांच्यासाठी ही सवय अधिकच घातक. म्हणून औषधाविना वेदना उतरवणाऱ्या विद्युत उपचाराचा विचार सरकारी दवाखान्यांनी गांभीर्याने करायला हवा. लोक त्याला करंटचा शेक म्हणतात, पण त्यात उष्णता नसते. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवतात, असा सिद्धान्त मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडला. त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणारे टेन्स यंत्र त्यातूनच आले. त्याचा साधारण 10 हर्ट्झच्या आतला प्रवाह स्नायू हलके हलवतो आणि शरीरातली वेदनाशामक द्रव्ये जागी करतो.

यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असे सांगितले. उलट 2022 मध्ये 381 चाचण्यांच्या आढाव्यात, यंत्र चालू असताना आणि त्यानंतर लगेच वेदना कमी झाल्याचे दिसले. ‘लगेच’ हा शब्द माझ्या मते निर्णायक आहे. नुसता करंट देऊन रुग्णाला घरी पाठवले, तर हाती काही उरत नाही. वेदना उतरल्याच्या त्या उसंतीत कंबरेचे व्यायाम करून घेतले, ओझे कसे उचलावे हे त्याच्या बोलीत शिकवले, तरच तिचा उपयोग. व्यायामाची शिफारस ‘नाइस’नेही केली आहे. मग स्वस्त यंत्रे घरोघर वाटून का टाकू नयेत? कारण पेसमेकर असलेल्यांना ते लावायचे नसते, गरोदर बाईच्या पोटावर किंवा कुणाच्याही गळ्यासमोर लावायचे नसते. पाय बधिर होणे, लघवी अडणे किंवा सिकलसेलची तीव्र कळ हे यंत्राचे काम नव्हे. तिथे तातडीने डॉक्टरच हवा. हे ओळखणारा माणूस म्हणजे फिजिओथेरपिस्ट. नंदुरबारला 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण रोजंदारी बुडवून सातपुड्याचा घाट उतरणे मजुराला परवडत नाही. तेव्हा यंत्रखरेदीच्या आधी धडगाव, मोलगी आणि अक्कलकुव्यात फिजिओथेरपिस्टचा आठवड्यातला एक बाजाराचा दिवस जिल्हा प्रशासनाने ठरवावा, आणि तोही यंदाचे ट्रक निघण्यापूर्वी.