बावन्न माणसांचा एक नट

दुसऱ्याच्या बोलीला हसणे हा मराठी रंगभूमीवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त विनोद होय. घरगडी वऱ्हाडी हेल काढतो, मुसलमान शेजारी मोडके मराठी बोलतो, मारवाडी सावकार ठरावीक लकबीत व्याजाचा हिशेब सांगतो आणि प्रेक्षागृहात हशा उसळतो. लेखकाला त्यासाठी प्रसंग रचावा लागत नाही, नटाला माणूस अभ्यासावा लागत नाही. नुसता उच्चार पुरेसा होतो. मात्र या हशात कोण हसतो आणि कोणाला हसले जाते, यांची विभागणी आधीच झालेली असते. ही विभागणी मोडून अनेक बोलींच्या, अनेक थरांच्या माणसांना एकाच रंगमंचावर सारख्या मानाने उभे करणारा विनोदी नट विरळा. प्रा. डॉ. लक्ष्मण देशपांडे (१९४३-२००९) हे अशा विरळा नटांपैकी एक होते. मराठवाड्याला लागून असलेल्या, आणि घाटाच्या दोन्ही अंगांना वेगवेगळे बोलणाऱ्या बुलढाणा जिल्ह्याने त्यांच्या कारकिर्दीकडे पुन्हा एकदा पाहणे अगत्याचे आहे.

देशपांडे हे मराठवाड्याचे. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात त्यांनी अध्यापन केले व त्या विभागाचे प्रमुखपदही भूषविले. तथापि महाराष्ट्राला ते प्राध्यापक म्हणून फारसे ठाऊक नाहीत. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग आणि लक्ष्मण देशपांडे ही दोन नावे लोकांच्या मनात एकमेकांपासून वेगळी राहिलेली नाहीत. लेखन त्यांचे, दिग्दर्शन त्यांचे आणि अभिनयही एकट्या त्यांचाच. सुमारे तीन तास हा एकटा नट बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करी. देशात आणि परदेशांत त्याचे हजारो प्रयोग झाले आणि गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. देशपांडे यांच्या निधनानंतर नट संदीप पाठक यांनी तो प्रयोग पुढे चालविला. आपल्या निर्मात्याच्या देहाशी इतका जखडलेला प्रयोग त्याच्यामागेही टिकावा, ही गोष्ट त्याच्या संहितेचे बळ दाखविते.

कथानक म्हटले तर साधे आहे. मराठवाड्यातल्या खेड्यातील मुलाचे लग्न इंग्रज मुलीशी ठरते आणि गावाचे वऱ्हाड लंडनला जायला निघते. दोन संस्कृतींची गाठ घालून देणारा याहून सोपा प्रसंग शोधूनही सापडणार नाही. परंतु प्रसंग सोपा म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. गावातली माणसे विमानतळाकडे निघतात ती आपली बोली, आपले मानपान आणि आपले रुसवेफुगवे बरोबर घेऊनच. त्यांच्या गोंधळाला प्रेक्षक पोट धरून हसतो, कारण तो गोंधळ त्याच्या ओळखीचा असतो. प्रत्येक प्रेक्षक अशा एखाद्या वऱ्हाडात कधी ना कधी गेलेला असतो आणि जागेवरून किंवा जेवणावरून रुसलेला पाहुणा त्याच्याही घरात असतोच. लंडन हे मोठे आणि गाव हे हास्यास्पद, असा निवाडा तो प्रयोग देत नाही. गावकऱ्याच्या नजरेतून पाहिले की साहेबाचा शिष्टाचारही तितकाच चमत्कारिक ठरतो.

ही समता केवळ लेखकाच्या सद्‌भावनेतून आलेली नाही. एकपात्री प्रयोगाचा प्रकारच ती नटाकडून वसूल करतो. नेहमीच्या नाटकात विनोदी पात्र वेगळ्या नटाकडे सोपविलेले असते. नायक त्याच्यावर हसू शकतो आणि प्रेक्षक नायकाच्या बाजूने राहू शकतात. एकट्या नटाला ही सोय नाही. त्याला वेश बदलायला अवसर नसतो आणि समोर दुसरा कोणी नसतो. पाटील तोच, हमाल तोच, रडणारी म्हातारी तोच आणि अडखळणारा इंग्रजही तोच. क्षणापूर्वी ज्याची टर उडविली त्याच्याच कातडीत पुढच्या क्षणी शिरावे लागते. त्या माणसाचा श्वास, त्याच्या मानेची ठेवण, त्याच्या शब्दांचा वेग हे सारे आतून कळल्यावाचून बावन्न जण तीन तास वेगवेगळे दिसणार नाहीत. तिरस्काराने केलेली नक्कल दोन मिनिटे चालते, तीन तास चालत नाही.

या मातीत ही दृष्टी अकस्मात उगवलेली नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडांतून नाना जातींच्या आणि व्यवसायांच्या लोकांना त्यांच्या त्यांच्या तोंडून बोलायला लावले. त्यांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त दोघे एकमेकांच्या धर्माची यथेच्छ खिल्ली उडवितात आणि अखेरीस एकमेकांना आलिंगन देतात. त्या संवादात दोन्ही पक्षांना सारखेच तिखट बोलण्याची मुभा आहे. गावोगाव हिंडणारे बहुरूपी नित्य नवे सोंग घेऊन दारी उभे राहत. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' एकट्याने सादर केली आणि मध्यमवर्गीय प्रेक्षकाला या परंपरेची पुन्हा ओळख करून दिली. लक्ष्मण देशपांडे यांनी तीच वाट चाळीतून खेड्यात नेली आणि खेड्यातून थेट विमानात.

त्यांच्या प्रयोगाच्या नावातील 'वऱ्हाड' म्हणजे लग्नाची मंडळी. पण तोच शब्द ज्या प्रदेशाचे नाव आहे, त्या प्रदेशाच्या पश्चिम टोकाला बुलढाणा जिल्हा वसलेला आहे. या जिल्ह्याला संस्कृतिसंगम शिकण्यासाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे दोन भाग केले आहेत. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार या भागांत मराठवाड्याचा सूर लागतो. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे खानदेशाची छटा येते, तर खामगाव-शेगावकडे 'मले' आणि 'तुले' म्हणणारी वऱ्हाडी ऐकू येते. गावागावांतून उर्दू आहे, तांड्यांवर गोरमाटी आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू आहे. जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी माणसे आहेत. सारे मिळून दोन-अडीच हजार लोक बोलतात अशी ही भाषा, आणि जगातील कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते अद्याप सिद्ध झालेले नाही. सैलानीच्या यात्रेला होळीच्या सुमारास हिंदू आणि मुसलमान दोघेही लोटतात. एवढे वैविध्य एका जिल्हाधिकाऱ्याच्या कक्षेत सामावलेले असताना त्यातून एकही बहुभाषी प्रयोग राज्यभर गाजू नये, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

याचे एक कारण असे की, या बोलींना आपण मान देण्याआधी त्यांच्यावर हसायला शिकलो. वऱ्हाडीचेच उदाहरण घ्यावे. मराठीतील आद्य गद्यग्रंथ समजले जाणारे 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे आकारास आले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्या दाव्याच्या पुराव्यात असल्या ग्रंथांचे मोल मोठे आहे. ज्या प्रदेशात मराठी गद्य प्रथम उभे राहिले त्याच प्रदेशाची बोली पडद्यावर मात्र दीर्घकाळ गडी आणि गावंढळ यांच्या वाट्याला आली. अमरावती जिल्ह्यातून आलेले भारत गणेशपुरे यांनी 'चला हवा येऊ द्या'सारख्या कार्यक्रमातून हा हेल घराघरांत लोकप्रिय केला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ती बोली लपविण्याऐवजी तिच्यावर त्यांनी नाव मिळविले. परंतु एका नटाच्या यशाने प्रश्न सुटत नाही. वऱ्हाडीत न्याय देणारा न्यायाधीश, वऱ्हाडीत रोग समजावून सांगणारी डॉक्टर किंवा वऱ्हाडीत प्रेम करणारी नायिका पडद्यावर दिसत नाही, तोवर ती बोली केवळ हसण्यापुरतीच राहील.

पडद्यावरचे हे हसू शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचते. पहिलीतले मूल 'मले पानी पाहिजे' असे म्हणते आणि वर्ग हसतो. शिक्षकाच्या मनात दुष्टावा नसतो. प्रमाण भाषा शिकविणे हे त्याचे कर्तव्य असते आणि ते त्याने केलेच पाहिजे. पण दुरुस्ती आणि हशा एकाच वेळी घडले म्हणजे मूल व्याकरण शिकत नाही, गप्प बसायला शिकते. तांड्यावरच्या मुलाची, उर्दू बोलणाऱ्या मुलीची आणि सातपुड्यातल्या कोरकू मुलाची हीच गत होते. वर्षअखेरीस स्नेहसंमेलन येते तेव्हा याच मुलांची बोली विनोदी पात्राच्या तोंडी घातली जाते, आणि ते पात्र वठविण्यासाठी मात्र प्रमाण भाषा बोलणारा मुलगा निवडला जातो. ज्याची बोली तो प्रेक्षकांत बसून स्वतःवरचा हशा ऐकतो.

यावर कोणी म्हणेल की, असा हिशेब मांडीत बसलो तर विनोदच संपेल. ही भीती निराधार नाही. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर येथे धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून विनोदकार मुनव्वर फारूकी यांना अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत महिन्याहून अधिक काळ ते तुरुंगात राहिले. भावना दुखावल्याचा पुकारा करून विनोदाला पोलिसांच्या हाती देणारा समाज कोणत्याही बोलीला मान मिळवून देत नाही. तो सर्वांनाच मुके करतो. तेव्हा येथे मागणी बंदीची नाही. वाईट विनोदाला उत्तर चांगल्या विनोदाने द्यावे लागते आणि ते देण्याची संधी ज्यांच्यावर हसले गेले त्यांना मिळावी लागते. ज्या लंडनला देशपांड्यांचे वऱ्हाड निघाले, तेथेच त्याचा दाखला सापडतो. भारतीय वंशाच्या मीरा स्याल, संजीव भास्कर आदी नटांचा 'गुडनेस ग्रेशस मी' हा कार्यक्रम १९९८ मध्ये बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर आला. भारतीय खाणावळीत जाऊन धिंगाणा घालणारे इंग्रज गिऱ्हाईक तेथे रोजचे. या नटांनी प्रसंग उलटा केला आणि मुंबईतील भारतीय टोळके इंग्रजी खाणावळीत जाऊन त्यातला सर्वांत मिळमिळीत पदार्थ मागते असे दाखविले. इंग्रज प्रेक्षकही त्यावर मनसोक्त हसला. नक्कल करण्याचा हक्क दोन्ही बाजूंना मिळाला तेव्हा कोणाचाही अपमान झाला नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांना हे करून पाहण्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही. एकपात्री प्रयोगाला नेपथ्य लागत नाही, वेशभूषेचा खर्च लागत नाही आणि शहरातून दिग्दर्शक आणावा लागत नाही. या वर्षीच्या स्नेहसंमेलनात प्रत्येक शाळेने एका विद्यार्थ्याला दहा मिनिटे द्यावीत. त्याने एस. टी.च्या एका फेरीतील पाच-सहा प्रवासी एकट्याने उभे करावेत. चिखलीचा शेतकरी, शेगावला निघालेली वारकरी बाई, मलकापूरचा व्यापारी, तांड्यावरची आजी, सैलानीहून परतणारा फकीर आणि स्वतः कंडक्टर. अट एकच असावी. ज्याची बोली वठवायची त्याच्याजवळ बसून ती आधी ऐकावी, आणि त्या सहा जणांत स्वतःच्या घरचा एक माणूस असावा. शिक्षकांनीही प्रमाण उच्चारावर गुण कापण्यापूर्वी प्रयोग शेवटपर्यंत ऐकावा.

लक्ष्मण देशपांडे यांनी एका गावाचे वऱ्हाड लंडनला नेले आणि त्यातल्या कोणालाही वाटेत मागे ठेवले नाही. त्यांच्या स्मरणार्थ पुतळा किंवा पुरस्कार उभारणे सोपे आहे. आपल्या वर्गातल्या 'मले' म्हणणाऱ्या मुलाला रंगमंचाच्या मध्यभागी बोलावणे त्याहून अवघड आहे. ते घडेल त्या दिवशी आई-बापांनी भरलेल्या सभागृहात हशा जरूर उसळावा, आणि त्या हशात त्या मुलाचे आई-बापही असावेत.